चढणीचा मासा आणि कागदावरचा शब्द

वाचकहो, मृगाचा पहिला पाऊस पडून ओढ्याला गढूळ पाणी आले, की मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. कोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कुठे वलगणीचे म्हणतात. ही चढण दोन-चार कोसांची. पण एखादा मासा समुद्रातून निघून हजार-दीड हजार किलोमीटर नदी चढून जातो, असे कोणी सांगितले तर? तो मासा म्हणजे सॅमन, आणि ती नदी म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची कोलंबिया. आज तिचीच गोष्ट ऐका.

सॅमनचा जन्म डोंगरातल्या थंड झऱ्यात, गोट्यांच्या खाली. पिल्ले नदीबरोबर खाली येतात, समुद्रात काही वर्षे राहून मोठी होतात आणि मग आपल्याच झऱ्याच्या पाण्याचा वास ओळखीत परत फिरतात. गोड्या पाण्यात शिरल्यावर हा मासा खाणे सोडतो. अंगावरच्या चरबीच्या बळावर चढतो, अंडी घालतो आणि मरतो. आपल्या बाजारातल्या रावसालाही इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरे. पण त्याची जात निराळी, बरे का!

आपली शेती जशी नक्षत्रांवर चालते, तसे तिथल्या मूळ रहिवाशांचे वर्ष सॅमनवर चाले. वसंतात पहिला मासा आला की त्याचा सोहळा होई. तो झाल्याशिवाय कोणी जाळे टाकीत नसे. उन्हाळ्यात दुसरी लाट येई आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वांत मोठी. सेलायलो नावाच्या धबधब्यापाशी खडकांवर लाकडी माच्या बांधून, लांब दांड्याच्या जाळ्यांनी मासे उचलीत. कोरड्या वाऱ्यात ते वाळवीत, कुटून त्यांची पूड टोपल्यांत ठासून भरीत. हिवाळ्याची ती बेगमी. खाली मुखाजवळच्या खाडीत पुढे आलेले गोरे कोळी जाळी लावीत. उथळ वाळूवर तर मोठी जाळी ओढायला चक्क घोडे जुंपीत.

१८५५ साली अमेरिकन सरकारने या लोकांशी करार केले. त्यांनी आपल्या जमिनीचा फार मोठा भाग सोडून दिला. पण एक गोष्ट सोडली नाही. नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क त्यांनी करारात लिहून घेतला. हा शब्द ध्यानात ठेवा.

१८६६ साली नदीकाठी सॅमन डब्यांत भरण्याचा कारखाना निघाला. १८८३ साली सहा लाखांवर पेट्या भरल्या गेल्या. एका पेटीत पौंडाचे ४८ डबे! रहाटासारखी, पाण्याच्या जोरावर फिरणारी चक्रे रात्रंदिवस मासे उपसू लागली. अशा एका चक्रवाल्याने आपल्या मालकीच्या जमिनीवरून नदीकडे जाणारी मूळ रहिवाशांची वाट अडवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०५ साली निकाल लागला : जमीन कोणाचीही असो, करारातला हक्क कायम आहे. पुढे कायद्याने ही चक्रेही बंद झाली. नदीच्या एका काठी १९२६ साली, दुसऱ्या काठी १९३४ साली.

मग धरणांचे युग आले. १९३८ साली बॉनव्हिलचे धरण सुरू झाले. त्यात मासे चढावेत म्हणून पाण्याचे जिने ठेवले होते. ग्रँड कूलीचे धरण १९४२ साली पुरे झाले. त्याला जिनाच नव्हता, म्हणून पलीकडच्या मुलखात सॅमन जाणे थांबले. १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे लावले आणि काही तासांत सेलायलोचा धबधबा पाण्याखाली गेला. लोक काठावर उभे राहून पाहत होते. भरपाई मिळाली, पण कोयनेच्या पाण्यात ज्यांची गावे गेली, त्यांना विचारा, पैशाने काय काय परत येते ते.

धरणे वाईट, असा याचा अर्थ नव्हे. त्या विजेने घरे उजळली, त्या पाण्याने शेते भिजली. प्रश्न एवढाच, की लाभ एकाच्या पदरात आणि तोटा दुसऱ्याच्या, असे किती दिवस चालावे?

तो कागदावरचा शब्द मात्र बुडाला नाही. १९६९ साली न्यायालयाने मूळ रहिवाशांचा माशांतला न्याय्य वाटा मान्य केला. १९७४ साली वॉशिंग्टन राज्यात न्यायाधीश बोल्ट यांनी तो निम्म्यापर्यंत असल्याचे ठरवले आणि १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दक्षिणेकडच्या क्लॅमथ नदीवर तर, तिथल्या जमातींनी वर्षानुवर्षे नेट धरल्यावर, चार धरणे पाडण्यात आली. हे काम २०२४ साली संपले आणि त्याच ऑक्टोबरात, शंभरहून अधिक वर्षांनी, सॅमन त्या जागेच्या वर चढलेला दिसला. त्याला वाट कोणी दाखवली नव्हती.

आपल्याकडेही १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाल्यावर गंगेतल्या हिलशाची वरची वाट अडलीच. शिक्षक मित्रांनो, पुढच्या पावसाळ्यात मुलांना घेऊन ओढ्यावर जा. चढणीचा मासा कुठवर येतो आणि कुठे अडतो, ते त्यांना पाहू द्या. आणि ज्यांचे पोट त्या माशावर आहे, त्यांच्या घरीही एकदा घेऊन जा.