तबकडीत मावलेली रंगभूमी : ब्रॉडवेच्या ध्वनिमुद्रिकांचा इतिहास

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत दोन वर्षे मराठी शिकलो. नाट्यपद शिकवायचे झाले की ते आधी स्वतः गाऊन दाखवीत आणि मग म्हणत, "ही झाली तबकडीतली चाल. नाटकात हे पद असे नव्हते." आम्हा मुलांना या वाक्याचा उलगडा होत नसे. ग्रामोफोनवर ऐकू येतात तेच बालगंधर्व, अशी आमची भाबडी समजूत होती. प्रयोगात 'वन्स मोअर' घेत घेत रंगत जाणारे पद तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांत बसवावे लागे, त्यासाठी आलापी छाटली जाई, लय वाढवली जाई, ही गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. म्हणजे आपण ज्याला रंगभूमीचा ठेवा म्हणतो, तो रंगभूमीचा की तबकडीच्या मापाचा, हा प्रश्न गुरुजींनी आम्हाला नववीतच घातला होता.

या प्रश्नाचा माग काढताना मी पार न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर जाऊन पोहोचलो. मराठीच्या अध्यापकाने इतक्या दूर कशाला जावे, असे कोणी विचारील. संवाद आणि पदे यांची गुंफण असलेले, धंदेवाईक मंडळींनी तिकीट लावून चालवलेले नाटक हा प्रकार आपल्याला परका नाही. तिकडे त्याला म्युझिकल म्हणतात, एवढेच. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कोणते नाटक कधी, कोणाच्या आवाजात आणि किती तबकड्यांवर मुद्रित झाले, याचे कागद तिथे जपून ठेवलेले आहेत. त्यामुळे काय उरले याबरोबरच काय उरले नाही आणि का उरले नाही, हेही तिथे तपासता येते.

आरंभ एका ग्रंथपालापासून करतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मेट्रोपोलिटन ऑपेराची इमारत ब्रॉडवे रस्त्यावरच होती. तिथल्या ग्रंथालयाचे काम पाहणारे लायोनेल मेपलसन यांनी मुख्यतः १९०१ ते १९०३ या काळात चालू प्रयोगाचे तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर टिपले. तुकडे दोन-दोन मिनिटांचे, खरखर इतकी की गाणारा दूर पावसात उभा असावा असे वाटते; पण त्यात प्रेक्षकगृह आहे, टाळ्या आहेत. हा ऑपेरा होता, म्युझिकल नव्हे, हे खरे. तरी चालू नाटक जिथल्या तिथे धरून ठेवावे ही हौस प्रथम एका नोकरदार माणसाला झाली, व्यापाऱ्याला नव्हे, याची नोंद करावीशी वाटते.

व्यापाऱ्याला नाटक नको होते, गाणे हवे होते. लंडनमध्ये नाटकातल्या मूळ नटांकडून गाणी मुद्रित करून घेण्याचा रिवाज लवकर पडला. अमेरिकेत मात्र लोकप्रिय पद एखाद्या नृत्यवृंदाकडून वाजवून घेऊन विकणे अधिक फायद्याचे ठरे. जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे 'शो बोट' १९२७ साली रंगभूमीवर आले आणि त्याने अमेरिकन संगीत नाटकाचे वळणच बदलले. पण त्या पहिल्या नटसंचाचा सलग ध्वनिमुद्रित संच निघाला नाही. १९३२ च्या पुनरुज्जीवनाच्या वेळी ब्रन्सविक कंपनीने पॉल रोबसन आणि हेलन मॉर्गन यांच्या आवाजात काही तबकड्यांचा संच काढला, तोही नव्या वाद्यरचनेसह. नाटकाच्या स्वतःच्या नटसंचाने नाटकाचा मोठा भाग मुद्रित करण्याचे श्रेय बहुधा मार्क ब्लिट्झस्टाइन यांच्या 'द क्रेडल विल रॉक' या कामगारांच्या बाजूच्या नाटकाला दिले जाते. म्युझिक्राफ्ट नावाच्या लहानशा कंपनीने ते १९३८ साली मुद्रित केले. (हेच ब्लिट्झस्टाइन पुढे ब्रेख्तच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'चे इंग्रजी रूपांतरकार झाले, त्याच ब्रेख्तकृतीवरून पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' रचला.)

मग आले 'ओक्लाहोमा!'. ३१ मार्च १९४३ रोजी त्याचा ब्रॉडवेवर पहिला प्रयोग झाला आणि तिकिटांसाठी झुंबड उडाली, परंतु त्याची तबकडी निघू शकत नव्हती. जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता. तबकडी वाजू लागली की जिवंत वादकाची भाकरी जाते, हा त्यांचा आक्षेप; तो खोटा म्हणता येत नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये डेक्का कंपनीने संघटनेशी समझोता केला आणि पुढच्याच महिन्यात जॅक कॅप यांनी नाटकातले नट, नाटकातलाच वाद्यवृंद आणि नाटकातलीच वाद्यरचना घेऊन सहा तबकड्यांचा, म्हणजे बारा बाजूंचा संच मुद्रित केला. तो अफाट खपला.

पण त्या बारा बाजूंतही सगळी गाणी मावली नव्हती. उरलेली काही पदे नंतर दुसऱ्या छोट्या संचात आली. त्यांतले 'लोनली रूम' हे खलपुरुष जड याचे गाणे. रंगमंचावर ते हॉवर्ड द सिल्व्हा म्हणत. तबकडीवर ते नायकाचे काम करणाऱ्या अल्फ्रेड ड्रेक यांच्या आवाजात आहे. शंभर वर्षांनी ही तबकडी कोणा संशोधकाच्या हाती लागली आणि बाकीचे कागद हरवलेले असले, तर तो खुशाल लिहील की आपल्या अंधाऱ्या खोलीचे दुःख नायकच गात असे. गुरुजींचे वाक्य मला इथे पुन्हा आठवले.

याच काळातली एक गोष्ट आपल्या देशाशी निगडित आहे. त्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख प्रामुख्याने भारतातून जाई. महायुद्धाने ती आटली, तेव्हा १९४२ साली अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाखेच्या वापरावर कडक बंधने आणली. कंपन्या जुन्या तबकड्या परत घेऊन, त्यांचा चुरा करून त्यातून नव्या पाडू लागल्या. नव्या नाटकाचे गाणे जुन्या नाटकाच्या गाण्याच्या भुकटीवर उमटत होते. त्या चुऱ्यात काय काय गेले असेल!

१९४८ मध्ये वादक संघटनेने दुसरा बहिष्कार पुकारला, तो डिसेंबरच्या मध्यापर्यंत टिकला. त्या वर्षी ऑक्टोबरात आलेली दोन नाटके पाहा : कुर्ट वाइल यांचे 'लव्ह लाइफ' आणि फ्रँक लेसर यांचे 'व्हेअर्ज चार्ली?'. दुसऱ्याचे तर ७९२ प्रयोग झाले. तरीही दोहोंच्या मूळ ब्रॉडवे नटसंचाची ध्वनिमुद्रिका नाही. कोल पोर्टर यांचे 'किस मी, केट' ३० डिसेंबरला, बहिष्कार उठल्यावर, रंगमंचावर आले आणि जानेवारी १९४९ मध्ये मुद्रितही झाले. कलेच्या इतिहासात गुणवत्तेला स्थान असते असे आम्ही वर्गात शिकवतो. इथे कॅलेंडरला होते.

'किस मी, केट' कोलंबिया कंपनीच्या नव्या लाँग प्ले तबकडीवर निघाले. १९४८ च्या जूनमध्ये आलेल्या या तबकडीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटे मावत, आणि गाण्यांना नाटकाच्या क्रमाने मांडणे शक्य झाले. या संधीचे सोने केले ते गॉडर्ड लीबरसन यांनी. स्वतः संगीतरचनाकार असलेला हा गृहस्थ कंपनीचा अधिकारी होता, ही दोन्ही क्षेत्रांना लाभलेली दुर्मीळ देणगी. १९४९ चे 'साऊथ पॅसिफिक' ६९ आठवडे विक्रीत पहिल्या क्रमांकावर राहिले. 'माय फेअर लेडी'चे भांडवल कोलंबियाची मालक कंपनी सीबीएस हिने पुरवले. १५ मार्च १९५६ ला नाटक उघडले आणि २५ मार्चच्या रविवारी जुन्या चर्चच्या इमारतीतल्या स्टुडिओत ते मुद्रित झाले. रविवार अशासाठी की त्या दिवशी प्रयोग नसे. नटांच्या संघटनेच्या नियमानुसार मुद्रणाच्या एका दिवसासाठी प्रत्येक नटाला आठवड्याचा पगार द्यावा लागे. म्हणून पडलेल्या नाटकाच्या वाटेला कोणी सहसा जात नसे. 'माय फेअर लेडी' १९५९ साली लंडनमध्ये स्टीरिओत पुन्हा मुद्रित झाले, त्याच रेक्स हॅरिसन आणि ज्युली अँड्र्यूज यांच्या आवाजात. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. तीन वर्षांच्या प्रयोगांनी भूमिका घोटली जाते म्हणजे काय होते, ते कानांना कळते. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून आपल्याकडे 'ती फुलराणी' आली, म्हणून या तुलनेत मला विशेष रस वाटला.

लीबरसन यांची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. स्टीफन सोंडहाइम यांचे 'एनीवन कॅन व्हिसल' १९६४ साली अवघ्या नऊ प्रयोगांत बंद पडले. बंद पडलेले नाटक मुद्रित करण्याचे बंधन कंपनीवर नव्हते. लीबरसन यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या नटांना स्टुडिओत बोलावले. आज त्या नाटकाची कीर्ती आहे ती त्या एका दिवसाच्या बळावर. उलट सोंडहाइम यांच्याच १९७१ च्या 'फॉलीज' या भव्य नाटकाला दुसऱ्या एका कंपनीने एकाच तबकडीत कोंबले. गाणी छाटली, काही गाळली. या दुखण्यावर उपाय म्हणून सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या साथीने संपूर्ण संगीताचा जलसा करून तो मुद्रित करण्यात आला. तो उत्तम आहे. मात्र त्यात १९७१ चे नट नाहीत.

कधी कधी आवाजाला कागदाचा आधार मिळतो. १९८२ साली न्यू जर्सीतील सिकॉकस येथे एका संगीत प्रकाशन कंपनीच्या गोदामात गर्श्विन, कर्न, पोर्टर, रॉजर्स यांची हस्तलिखिते पेट्यांत पडलेली आढळली. संगीत दिग्दर्शक जॉन मॅग्लिन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या 'शो बोट'च्या तीन तबकड्यांच्या संचात १९२७ ची वाद्यरचना, पहिल्या प्रयोगापूर्वी गळालेली गाणीही, पुन्हा ऐकू आली. एकसष्ट वर्षांनी. यालाच मी संपादन म्हणतो. पाठचिकित्सा केवळ ज्ञानेश्वरीचीच करायची असते असे नाही.

जे मुद्रित झाले तेही आपोआप टिकत नाही. ॲल्युमिनियमवर लाखेसारखा लेप दिलेल्या स्टुडिओतल्या तबकड्यांवर पांढरी भुकटी धरते, लेप तडकतो. १९७०-८० च्या दशकांतल्या काही चुंबकीय फिती चिकट होतात आणि त्या वाजवण्यापूर्वी मंद आचेवर शेकाव्या लागतात. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारातले एक गोदाम जळाले. त्यात डेक्कासह अनेक कंपन्यांच्या मूळ फिती होत्या. जगाला त्याची व्याप्ती २०१९ मध्ये वृत्तपत्रातून कळली, आणि नेमके किती जळाले यावर अजून वाद आहे. अशा वेळी सामान्य रसिकाच्या कपाटातली जपलेली तबकडी हीच मूळ प्रत ठरते. कायद्याने मात्र त्या रसिकाचे हात बांधलेले आहेत. १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेत केंद्रीय कायद्याची चौकट २०१८ साली मिळाली. तीनुसार १९४३ चे 'ओक्लाहोमा!' २०४४ च्या १ जानेवारीला आणि १९५६ चे 'माय फेअर लेडी' २०६७ साली सर्वांना मुक्त होईल. तबकडी आणि कायदा यांपैकी आधी कोण संपेल, हे सांगणे कठीण आहे.

ध्वनिमुद्रिकेत प्रेक्षक नसतात, ही तिची मोठी उणीव. हसण्यासाठी घेतलेला विराम, टाळ्यांनी रोखलेला संवाद हे सारे स्टुडिओच्या बाहेर राहते. कोटाखाली यंत्र लपवून प्रयोग टिपणारे हौशी लोक होते व आहेत. तो गुन्हाच, पण कित्येक नाटकांची तेवढीच खूण शिल्लक आहे. सनदशीर मार्ग काढला तो बेटी कॉर्विन या बाईंनी. १९७० साली त्यांनी न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या लिंकन सेंटर येथील शाखेत चालू प्रयोगांचे चित्रण जतन करणारा विभाग उभा केला, सुरुवातीला बिनपगारी. नाटककार, नट, वादक, रंगमंच कामगार, साऱ्या संघटनांची समजूत घालून त्यांनी परवानगी मिळवली, ती एका अटीवर : प्रत निघणार नाही, विक्री होणार नाही, अभ्यासकाने तिथेच बसून पाहावे. २००० साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी हा व्याप सांभाळला. मेपलसन यांची बरीच नळकांडीही त्याच ग्रंथालयात आहेत.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे न्यू जर्सीत मुक्काम असताना मी तिथे गेलो. हेतू लिहून दिला, ठरल्या वेळी कानांवर श्रवणयंत्र चढवून छोट्या पडद्यासमोर बसलो. शेजारी एक तरुणी डोळे पुसत काहीतरी पाहत होती. खरे सांगायचे तर नाटकापेक्षा माझे लक्ष प्रेक्षकांच्या आवाजाकडे अधिक होते.

परतल्यावर मला आमच्या फितींची आठवण झाली. १९७४ साली आमच्या हौशी मंडळाने इथे इंदुरात केलेल्या एका संगीत नाटकाचे तीन स्पूल मुद्रित झाले होते. त्यांतले दोन आम्ही जतनासाठी एका संस्थेकडे दिले. वीस वर्षांनी मागायला गेलो तेव्हा त्यांच्यावर पारितोषिक वितरणाची भाषणे निघाली. तिसरे स्पूल माझ्या माळ्यावर राहिले म्हणून वाचले. मागल्या वर्षी त्याची संगणकीय प्रत करून घेतली. त्यात चहावाल्याची हाक आहे, 'वन्स मोअर' आहे, आणि दुसऱ्या अंकात वीज गेल्यामुळे आवाज एकाएकी बारीक, चिरका होत तुटतो. पुढे फीत सुरू होते तेव्हा पदाचे मधले कडवे होऊन गेलेले असते. त्या रात्री पेटीच्या साथीला असलेले माझे मित्र आज समोर बसले आहेत. परवा त्यांना विचारले, तर त्यांनी ते कडवे गाऊन दाखवले आणि म्हणाले, "पण त्या रात्री असेच म्हटले होते, असे मात्र छातीठोकपणे सांगणार नाही."