एका छपरावरून दुसऱ्या छपरावर

उन्हाळ्यात गच्चीवर रबरी नळी दुपारभर पडून राहिली आणि संध्याकाळी झाडांना पाणी घालायला नळ सोडला, की पहिले तांब्याभर पाणी हात पोळण्याइतके कढत निघते. सौरबंबाचे सगळे तत्त्व या साध्या अनुभवात आले. काळा पृष्ठभाग ऊन शोषतो आणि त्याला लागून असलेले पाणी तापते. बंबात याच्या पुढची काळजी घेतलेली असते. काळा केलेला धातूचा पत्रा, त्याला जोडलेल्या नळ्या, खाली आणि बाजूंनी उष्णता अडवणारा थर, आणि वर काच. काचेतून ऊन आत येते. तापलेल्या पत्र्यातून बाहेर पडणारे अवरक्त किरण मात्र काच अडवते आणि वाऱ्यालाही आत शिरू देत नाही. अशा पेटीला संग्राहक म्हणतात. या लेखात आपण अशाच ३२ संग्राहकांची हकिगत पाहणार आहोत. ती सुरू होते अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घराच्या छपरावर आणि पोहोचते एका छोट्या, फारसे नाव नसलेल्या महाविद्यालयाच्या मेसवर.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेची तेलकोंडी केली. काही महिन्यांत तेलाचे भाव चौपट झाले. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली आणि तेलबाजार पुन्हा हादरला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या असताना, २० जून १९७९ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्हाईट हाऊसच्या पश्चिम भागाच्या छपरावर बसवलेल्या ३२ संग्राहकांचे उद्घाटन केले. त्यांतले पाणी मुख्यतः कर्मचाऱ्यांच्या खानावळीसाठी होते. २००० सालापर्यंत देशाच्या ऊर्जेपैकी २० टक्के ऊर्जा सूर्य आणि इतर नवीकरणीय साधनांतून मिळावी, असे उद्दिष्ट कार्टर यांनी जाहीर केले. त्या दिवशी ते आणखी एक बोलले, आणि ते पुढे विलक्षण खरे ठरले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : पुढच्या पिढीत हा बंब एक तर संग्रहालयातली कुतूहलाची वस्तू, न चोखाळलेल्या वाटेची खूण ठरेल, नाही तर लोकांनी हाती घेतलेल्या एका मोठ्या साहसाचा छोटासा भाग ठरेल.

नोव्हेंबर १९८० च्या निवडणुकीत कार्टर हरले. नंतरच्या रेगन सरकारने सौर संशोधनाचा निधी मोठ्या प्रमाणात कापला. घरावर सौरबंब बसवणाऱ्यांना मिळणारी करसवलत १९८५ च्या अखेरीस संपली. १९८६ मध्ये तेलाचे भाव निम्म्यावर कोसळले, तेव्हा बंबांचा धंदाही बसला. त्याच वर्षी व्हाईट हाऊसच्या छपराची दुरुस्ती निघाली, त्यासाठी संग्राहक उतरवले गेले आणि ते पुन्हा बसवलेच नाहीत. व्हर्जिनियातल्या एका सरकारी गोदामात ते पडून राहिले. संग्राहक बिघडले म्हणून काढले असे घडले नव्हते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे. तंत्र चालत होते. चालवण्याची इच्छा संपली होती.

आता त्या महाविद्यालयाकडे वळू. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन हे राज्य आहे. तिथल्या युनिटी या खेड्यात १९६५ साली गावातल्या मंडळींनी एक महाविद्यालय काढले. कोंबडीपालनावर चालणाऱ्या या भागाला उतरती कळा लागली होती. गावात काही तरी नवे उभे राहावे एवढाच हेतू. कोंबड्यांच्या फार्मची जागा देणगी म्हणून मिळाली आणि १९६६ मध्ये पहिल्या वर्गात ३९ विद्यार्थी आले. पुढे जंगल, वन्यजीव, पर्यावरण हे विषय या महाविद्यालयाची ओळख बनले. पैशाची ओढाताण मात्र कायमची होती.

१९९० च्या सुमारास महाविद्यालयातील एका अधिकाऱ्याने गोदामात धूळ खात पडलेल्या या संग्राहकांचे छायाचित्र एका मासिकात पाहिले. त्यांनी सरकारकडे मागणी केली. किरकोळ शुल्क भरून १९९१ साली संग्राहक ताब्यात मिळाले. ट्रक भाड्याने घेण्याऐवजी महाविद्यालयाच्याच एका जुन्या बसमधली बाके काढली आणि पेट्या तिच्यात रचून मेनला आणल्या. डागडुजी करून त्यांपैकी १६ संग्राहक मेसच्या छपरावर चढवले. एका खानावळीचे पाणी तापवणारी उपकरणे दुसऱ्या खानावळीचे पाणी तापवू लागली.

युनिटी सुमारे ४४.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे हिवाळ्यात पाणी नळीतच गोठते आणि गोठताना प्रसरण पावून नळी फोडते. म्हणून अशा थंड प्रदेशांत संग्राहकातून सहसा गोठणरोधक मिसळलेला द्रव फिरवतात आणि त्याची उष्णता उष्णता-विनिमयकामार्फत टाकीतल्या पाण्याला देतात. आपल्याकडे गोठण्याची धास्ती नाही. दख्खनच्या जड पाण्यातले क्षार नळ्यांत धरतात आणि त्या बुजतात, हा आपला त्रास. तत्त्व एकच असले तरी प्रत्येक गावी बंबाचे दुखणे वेगळे असते. ते कळायचे तर बंब वापरावाच लागतो.

युनिटीतले संग्राहक २००५ च्या सुमारासपर्यंत वापरात होते. व्हाईट हाऊसच्या छपरावर त्यांना जेमतेम सात वर्षे मिळाली. मेसच्या छपरावर त्याहून बरीच जास्त मिळाली. आयुष्य संपत आल्यावर त्यांतला एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात गेला, एक कार्टर यांच्या स्मृतिग्रंथालयात, आणि २०१० मध्ये एक थेट चीनमध्ये, देझोऊ शहरातल्या सौरऊर्जेच्या संग्रहालयात. १९७९ साली वर्तवलेले संग्रहालयातले भविष्य असे शब्दशः खरे झाले. गंमत अशी, की देझोऊ हे सौरबंबांच्या कारखान्यांचे गाव. ज्या देशाने ही वाट सोडली त्याची खूण, ज्या देशाने ती धरली त्याच्या संग्रहालयात जाऊन बसली.

सप्टेंबर २०१० मध्ये युनिटीच्या तीन विद्यार्थिनी आणि पर्यावरणलेखक बिल मॅकिबन यांनी एक संग्राहक गाडीत घालून वॉशिंग्टनला नेला. हा परत घ्या आणि छपरावर पुन्हा सौरऊर्जा आणा, अशी त्यांची मागणी होती. अधिकाऱ्यांनी त्यांची भेट घेतली, पण संग्राहक स्वीकारला नाही. मुली निराश होऊन परतल्या. महिन्याभरातच, ऑक्टोबरमध्ये, ऊर्जामंत्री स्टीव्हन चू यांनी व्हाईट हाऊसवर नव्याने सौर उपकरणे बसवण्याची घोषणा केली. २०१४ साली छपरावरचे प्रकाशविद्युत पट्टे चालू झाले. मुलींमुळेच हे झाले, असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही. मधल्या काळात, २००३ च्या सुमारास, धाकट्या बुश यांच्या कारकिर्दीत आवारातल्या एका इमारतीवर छोटी सौर यंत्रणा गाजावाजा न करता बसलीही होती. इतके मात्र म्हणता येते, की ज्यांनी ती पेटी स्वतःच्या छपरावर पाहिली होती, त्यांना तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार होता.

इथे एक फरक वर्गात स्पष्ट करावा. कार्टर यांच्या छपरावर वीज तयार होत नव्हती, फक्त पाणी तापत होते. २०१४ चे पट्टे उन्हापासून वीज करतात. आजचा प्रकाशविद्युत पट्टा पडणाऱ्या उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलतो. पाणी तापवणारा संग्राहक अनुकूल परिस्थितीत निम्म्याच्या आसपास ऊर्जा उष्णतेच्या रूपाने पकडतो. काम आंघोळीचे असेल, तर जुने तंत्र कमी दर्जाचे मानण्याचे कारण नाही.

या महाविद्यालयाने पुढे आणखी दोन गोष्टी केल्या. २०११ मध्ये अत्यल्प ऊर्जेत उबदार राहणारे एक छोटे वसतिगृह बांधले. नोव्हेंबर २०१२ मध्ये, आपल्या ठेवींतला पैसा कोळसा-तेल कंपन्यांतून काढून घेण्याचा निर्णय जाहीर करणारे अमेरिकेतले ते पहिले महाविद्यालय ठरले. निधी लहान होता. पण पुढच्या दहा वर्षांत मोठमोठ्या विद्यापीठांना तोच प्रश्न विचारला गेला. युनिटीची पैशाची विवंचना मात्र सुटली नाही. २०२० पासून तिथले बहुतेक शिक्षण दूरस्थ पद्धतीकडे वळले आणि २०२३ मध्ये नावही बदलले. चांगले काम केले म्हणून संस्था आपोआप तगते, असे नाही.

आता आपल्याकडे पाहू. संग्राहक युनिटीला पोहोचले त्याच १९९१ साली, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुढे पदवीच्या सर्व शाखांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला, शाळांत प्रकल्पवह्या आल्या. अशा वह्या आम्ही वर्षानुवर्षे तपासल्या आहेत. मुखपृष्ठावर झाड, आत कापून चिकटवलेली माहिती, शेवटी एक घोषवाक्य. विषय सक्तीचा झाला, पण पुष्कळ ठिकाणी छपरावर काहीच बदलले नाही. मुलांना गुण दिले आम्हीच, त्यामुळे हा दोष आमचाही आहे.

युनिटीच्या हकिगतीतून आम्ही एवढेच घेतो : विषय शिकवण्यासाठी संस्थेत एक तरी वस्तू रोज वापरात असावी. वसतिगृहावर सौरबंब असेल, तर सकाळी आत जाणाऱ्या आणि संध्याकाळी टाकीत साठलेल्या पाण्याचे तापमान मुलांनी महिनाभर नोंदवावे. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापले, तर सुमारे साडेतीन युनिट विजेएवढी ऊर्जा उन्हातून फुकट मिळाली, हा हिशेब नववीच्या मुलांना सहज जमतो. बंब नसेल, तर दोन सारखे डबे घ्या. एक काळा रंगवा, एक तसाच ठेवा, आणि दोन्हींत पाणी भरून उन्हात ठेवा. मग काळ्यावर काच ठेवून पाहा. बंब बंद पडला असेल, तर तो का बंद पडला, हाच प्रकल्प. बहुधा नळीत क्षार सापडतील, किंवा कोणाचेच लक्ष नव्हते असे आढळेल. दुसरे कारण वहीत लिहायला जड जाते, पण तेही लिहावे.