शेवटची एस.टी. गेल्यावर

आज आम्ही तुम्हाला इतिहासातल्या काही गोष्टी सांगणार आहोत. पण आधी आमच्या घरची गोष्ट ऐका, कारण तिच्यामुळेच आम्ही इतिहास धुंडाळायला बसलो.

आमच्या पाच गावांतल्या बचत गटांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. कुणी बियाण्याचा भाव विचारतं, कुणी शेळीच्या लसीचं विचारतं, कुणी पापडाच्या ऑर्डरीचा फोटो टाकतं. दोन वर्षं झाली, पण बऱ्याच जणींची तोंडं आम्ही फोटोतच पाहिलेली. म्हणून ठरलं, एकदा समोरासमोर भेटायचं. तालुक्याच्या गावी, शनिवारी. दिवसाची मजुरी बुडवणं परवडत नाही, तेव्हा चारला जमायचं आणि आठपर्यंत बसायचं. सगळ्यांनी अंगठे वर केले.

मग एकीने लिहिलं, "साडेसहानंतर आमच्या फाट्याला गाडी नाही. फाट्यापासून वस्ती दोन किलोमीटर. मी नाही आले तरी चालेल, तुम्ही भेटा."

हा ग्रुप जिने सुरू केला, तीच ही बाई. तिचंच वाक्य, "मी नाही आले तरी चालेल." आमच्यातल्या काही जणी म्हणाल्या, मग दुपारी दोनला उरकू. काही म्हणाल्या, दोनला कोण येणार, सगळ्या खुरपायला गेलेल्या असतात. एकीची सासू म्हणाली, बायांनी रात्रीचं हिंडायचंच कशाला? या शेवटच्या प्रश्नावर मात्र आम्ही थांबलो. हा प्रश्न नवा नाही. आपल्या आधीच्या बायांनी त्याला काय उत्तरं दिली, ते बघू या म्हटलं.

पहिली गोष्ट आपल्याच अंगणातली. श्रावणातली मंगळागौर आठवा. ती सगळ्या घरांत होत नव्हती हे खरं, पण जिथे होती तिथे बाया रात्र रात्र जागत. फुगड्या, झिम्मा, गाणी, उखाणे. आणि मध्यरात्री कुणी एकटी घरी निघत नसे. जागरण पहाटेपर्यंत चाले आणि उजाडल्यावर जी ती आपापल्या घरी जाई. रात्री परतायचा प्रश्न आपल्या आज्यापणज्यांनी असा सोडवला होता : परतायचंच नाही, मुक्काम करायचा. भोंडला, हादगा गल्लीतल्या गल्लीत, या दारातून त्या दारात. सोय चांगली होती, पण तिला एक कुंपण होतं. सण असेल, देवाचं असेल, नात्यातलं घर असेल, तरच रात्र बाईची. तिच्या स्वतःच्या कामाला रात्र नव्हती.

स्वतःच्या कामाला तर दिवससुद्धा नव्हता. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई फुले शिकवायला निघाल्या की लोक अंगावर शेण, चिखल टाकत. त्या जादा लुगडं बरोबर नेत आणि शाळेत गेल्यावर बदलत. लख्ख उजेडातला हा त्रास. अंधाराचा त्यात काही दोष नव्हता, सख्यांनो. त्याच सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. ज्याचा दिवस पोटामागे जातो, त्याला शिकायला, बोलायला, जमायला रात्रच उरते. आपलंही तेच आहे ना?

आता कायद्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, कारखान्यांचा कायदा झाला. त्यात लिहिलं होतं की बाईने कारखान्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात काम करावं. हेतू चांगला होता, बाईला रात्री राबवून घेऊ नये. पण त्याच कायद्यात एक सूट होती. मासळी खारवायच्या आणि डबाबंद करायच्या कारखान्यांत बायांना त्या वेळेबाहेर कामाला ठेवता येईल, कारण माल नासता कामा नये. म्हणजे बघा, मासळी नासणार असेल तर बाई रात्री चालते!

या कलमाविरुद्ध बाया कोर्टात गेल्या. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली, आणि त्याबरोबर मालकांवर अटी घातल्या. बायांच्या सुरक्षिततेची आणि जाण्यायेण्याची सोय करावी, असं त्यात होतं. आपल्या महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांचा कायदा २०१७ साली नव्याने झाला. त्यातही हेच आहे. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, संरक्षण हवं, आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडायची सोय हवी. दारापर्यंत, फाट्यापर्यंत नव्हे. हा शब्द लक्षात ठेवा.

आता जरा लांब जाऊ. इंग्लंडच्या उत्तर भागात १९७५ पासून एक माणूस बायांचे खून करत होता. पाच वर्षांत त्याने तेरा बायांना मारलं. पोलीस त्याला पकडू शकत नव्हते, आणि बायांना सांगत होते की अंधार पडल्यावर एकट्या बाहेर पडू नका. तिथल्या बायांना राग आला. गुन्हा करणारा मोकळा, आणि कोंडून घ्यायचं आम्ही? १२ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री लीड्स शहरात बाया मशाली घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्याच रात्री इंग्लंडमधल्या आणखी काही शहरांतही मोर्चे निघाले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं : रात्र आमचीही आहे.

मोर्चा एका रात्रीचा. रोजच्या रात्रीचं काय? त्यासाठीही बायांनी कामं केली. अमेरिकेत मॅडिसन नावाचं गाव आहे, विद्यापीठाचं. तिथे १९७३ साली बायांनी बायांसाठी रात्रीची गाडी सुरू केली. गाडी चालवणारी बाई, बसणारी बाई, पैसे नाहीत. रात्री फोन केला की गाडी यायची आणि घरी सोडायची. ही सेवा पुढे अनेक वर्षं चालली.

कॅनडातल्या टोरंटो शहरात १९९१ साली दुसरी युक्ती निघाली. रात्रीच्या वेळी बाईने सांगितलं तर ड्रायव्हरने दोन थांब्यांच्या मध्ये, तिच्या घराजवळ बस थांबवायची. उतरायचं पुढच्या दाराने, मागचं दार बंदच ठेवायचं. का, तर तिच्या मागोमाग कुणी उतरू नये. बघा, यात खर्च काहीच नाही. फक्त बाई कुठे घाबरते ते कुणीतरी तिला विचारलं. आपल्या एस.टी.चं "हात दाखवा, गाडी थांबवा" तुम्हाला माहीतच आहे. तसंच हे उतरतानाचं.

पण गाडी आली म्हणजे सगळं झालं असंही नाही. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण मुलीला, तिला न्यायला आलेल्या गाडीच्याच चालकाने आणि त्याच्या साथीदाराने मारलं. गाडीत ती एकटी होती. त्यातून आपण एक गोष्ट शिकायची : गाडीत पहिली किंवा शेवटची बाई एकटी असता कामा नये.

आणि नुसता फोनही पुरत नाही. मार्च २०२१ मध्ये लंडनमध्ये एक तरुणी रात्री नऊच्या सुमाराला मैत्रिणीच्या घरून चालत निघाली. रस्ता वर्दळीचा, दिव्यांचा. वाटेत ती आपल्या मित्राशी फोनवर बोललीही होती. तिला पळवून नेऊन मारणारा माणूस नोकरीवर असलेला पोलीस निघाला. काळजी घेण्यात ती कुठेच कमी पडली नव्हती. म्हणून कुणा बाईवर प्रसंग आला की "तिने असं का केलं" हा प्रश्न आपल्या तोंडी येऊ देऊ नका.

शेवटची गोष्ट अगदी अलीकडची, आणि आपल्यासारखीच मोबाईलवरून सुरू झालेली. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रीच्या ड्युटीवर असलेल्या एका तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्यानंतर मोबाईलवरून एक हाक फिरली : १४ ऑगस्टच्या मध्यरात्री, स्वातंत्र्यदिन उजाडताना, बायांनी रस्त्यावर यावं. आधी शहरातल्या मोजक्या जागा ठरल्या होत्या. यादी वाढत वाढत छोट्या गावांपर्यंत गेली. त्या रात्री बंगालमध्ये हजारो बाया बाहेर पडल्या, म्हाताऱ्या आया आणि शाळकरी मुलीसुद्धा. एकमेकींना कधी न भेटलेल्या बाया, आपल्या ग्रुपसारख्याच.

पुढे काय झालं तेही ऐका. काही दिवसांतच तिथल्या सरकारने उपाय जाहीर केले. त्यात चांगल्या गोष्टीही होत्या, पण एक ओळ अशी होती की शक्य असेल तिथे बायांना रात्रपाळी देणं टाळावं. फिरून तिथेच! सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्यावर बोट ठेवलं. बायांना रात्री काम करू नका असं सांगता येणार नाही, त्यांना संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे, असं न्यायालयाने बजावलं.

या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तर दोन वाटा दिसतात. एक वाट म्हणते, बाईला आत ठेवा. दुसरी म्हणते, रस्ता नीट करा, दिवा लावा, गाडी द्या, सोबत द्या. पहिली वाट सोपी वाटते, कारण तिचा खर्च एकटी बाई भरते. आमच्या त्या मैत्रिणीने लिहिलं ना, "मी नाही आले तरी चालेल", तो तोच खर्च. आम्ही ठरवलं, तिने तो भरायचा नाही.

मग आम्ही काय केलं ते सांगतो, तुमच्या गटाला उपयोगी पडेल.

भेट चार ते आठच ठेवली. जागा अशी निवडली की जिथे आमच्यापैकी एकीची ओळख आहे, दिवा आहे, संडास आहे, आणि दार मोठ्या रस्त्यावर उघडतं. ठिकाण नि वेळ मोठ्या ग्रुपवर टाकली नाही, प्रत्येक गावातल्या एकीला फोन करून सांगितली. ग्रुपमधलं प्रत्येक नाव कुणीतरी प्रत्यक्ष ओळखतं का, ते आधी पाहिलं. दोन नंबर असे निघाले की ते कुणाचे, हे कुणालाच सांगता येईना. ते काढून टाकले.

वर्गणी काढून गावातल्याच माहितीतल्या माणसाची जीप ठरवली. गाडीचा नंबर आणि चालकाचं नाव पाचही गावांत लिहून ठेवलं. वस्ती सगळ्यात लांब, म्हणजे तिथली बाई गाडीत शेवटी एकटी उरणार. म्हणून दोघी तिच्याबरोबर उतरणार आणि रात्री तिच्याच घरी राहणार. सकाळी पहिल्या एस.टी.ने परत. आज्यांची मंगळागौर इथे कामाला आली.

बचत गटाची हजेरी असते तशी एक वही केली. जी बाई घरात पोचेल तिने फोन करायचा, आणि वही सांभाळणारीने सगळ्या नावांपुढे खूण झाल्याशिवाय झोपायचं नाही. मेसेज नको, आवाज हवा, असं ठरलं. ११२ हा पोलिसांच्या मदतीचा आणि १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घातला.

हे झालं एका शनिवारचं. पण दर वेळी वर्गणी काढून जीप करायची का? १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एस.टी.चं अर्धं तिकीट आहे. पण साडेसहानंतर गाडीच नसेल तर अर्धं तिकीट काढायचं कशाचं? म्हणून आम्ही दोन अर्ज लिहिले. एक आगार व्यवस्थापकांना, शनिवारी बाजारच्या दिवशी रात्री एक फेरी सोडावी म्हणून. दुसरा ग्रामपंचायतीला, फाटा ते वस्ती दिवे लावावेत म्हणून. हा विषय आधी महिला ग्रामसभेत मांडणार आणि ठराव लिहून घेणार. तुमच्याही गावात गावसभेच्या आधी महिलांची सभा व्हायला हवी. तिथे उठून एवढंच विचारा, शेवटची गाडी गेल्यावर आमची बाई घरी कशी येते?

त्या मैत्रिणीला आम्ही हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "दोघी मुक्कामाला येणार म्हणता, तर एक पाटी पीठ जास्त दळून ठेवते."

शनिवारी भेटतो आहोत, सख्यांनो. अर्जांचं काय झालं ते पुढच्या भागात सांगू. तोवर रामराम.