कल्ला आणि पाकीट
मालवणच्या बंदरावर आजी इसवण, म्हणजे सुरमई, घेताना आधी कल्ला उचलायची. लालभडक हवा. मग बोटाने दाबायची. खड्डा राहिला की मासळी परत मासे विकणाऱ्या गाबतिणीच्या टोपलीत. न्यू जर्सीत माझी इसवण कोरड्या बर्फात, डोक्याविना, कुरिअरने येते. कल्ला कुठला बघणार?

अशी गोठवलेली मासळी विकायची कल्पना जुनी आहे. कॅनडातल्या लॅब्राडॉरच्या कडाक्याच्या थंडीत इन्युइटांची मासळी झटक्यात गोठते आणि वितळल्यावर ताजी लागते, हे क्लॅरेन्स बर्ड्सआयने पाहिलं. झटपट गोठवलं की बर्फाचे कण बारीक राहतात, मांस फाटत नाही. १९३० साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याची गोठवलेल्या अन्नाची पाकिटं आली.

कल्ला नाही, म्हणून मी पाकिटाचा तळ बघते. परवा तिथे गुलाबी पाणी गोठलेलं दिसलं. वाटेत वितळून पुन्हा गोठलेली इसवण. जड मनाने टाकून दिली.