विद्युतघटांची राखण

वीज साठवायची कला काही आजची नव्हे. १८५९ साली फ्रान्समधल्या गास्तों प्लाँते याने शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हापुन्हा भरता येणारा विद्युतघट केला, आणि त्या शतकाच्या अखेरीस वीजघरांतून अशा घटांच्या रांगा उभ्या राहिल्या. एका घटाचा दाब दोन व्होल्ट. ११० व्होल्ट हवे तर पन्नास-साठ घट एकापुढे एक जोडायचे. त्यांच्या दिमतीला माणूस असे. हायड्रोमीटर घेऊन तो आम्लाची घनता पाही, पाणी कमी झाले असेल तिथे ते घाली.

आता घडवंचीवरच्या सगळ्या घागरी सारख्या पाण्याच्या कुठून असणार! एखादा घट मागे पडायचाच. पण शिशाचा घट मोठा सोशिक. थोडा जास्त भरला तर पाणी फुटून वायू निघतो, आणि तेवढ्यात मागे पडलेला घट बरोबरीला येतो. तो वायू हायड्रोजन, तेव्हा खोलीला वारा हवा, इतकेच.

१९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन घट बाजारात आणला नि हा सोशिकपणा संपला. त्यात पाणीच नाही. कोबाल्टच्या जातीत साधारण ४.२ व्होल्ट, लोह-फॉस्फेटच्या जातीत ३.६५, त्यापलीकडे भरत गेले की घट बिघडतो, तापतो, आणि एका मर्यादेनंतर आपणच आपल्याला तापवत सुटतो. हायड्रोमीटरवाल्याच्या जागी मग इलेक्ट्रॉनिक राखणदार आला. त्याने प्रत्येक घटाचा दाब पाहायचा, जागोजागचे तापमान पाहायचे, पुढे गेलेल्या घटातली वीज रोधात जिरवायची, आणि प्रसंग आला तर अख्खी रांग तोडायची.

तोडायची, म्हणायला सोपे! लोह-फॉस्फेटचे चारशे घट जोडले की १२८० व्होल्ट होतात. घरातला प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. घटांचा एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही.

दक्षिण कोरियाने याची किंमत मोजली. ऑगस्ट २०१७ ते मे २०१९ या काळात तिथल्या वीजसाठा केंद्रांत २३ आगी लागल्या. जून २०१९ मध्ये सरकारी चौकशी समितीने चार कारणे सांगितली. बाहेरून विजेचा धक्का आला तेव्हा रांगेचे संरक्षण अपुरे पडले. डोंगरात, समुद्रकाठी दव व धूळ बसून विद्युतरोधन खालावले. जोडणी हयगयीने झाली. आणि चौथे कारण मला सर्वांत बोलके वाटते. घटांचा राखणदार, प्रवाह बदलणारे यंत्र आणि वरचे नियंत्रण यांचा एकमेकांशी मेळच नव्हता. राखणदार ओरडतो आहे आणि ऐकणारा दुसऱ्याच भाषेतला, असा प्रकार.

घटांच्या किमतीवर घासाघीस करून राखणदार जाता जाता घेणाऱ्यांनी म्हणूनच तीन प्रश्न तरी विचारावेत. पूर्ण दाबाला, बिघाडाचा प्रवाह वाहत असताना, याचे स्विच आणि फ्यूज रांग तोडतात काय? विद्युतरोधन खालावले तर आधी कळते काय? आणि याचा हुकूम पलीकडचे यंत्र मानते काय?

त्या अहवालानंतरही कोरियात आगी लागल्याच. फेब्रुवारी २०२० मध्ये दुसऱ्या समितीने पाचपैकी चार आगींत घटांकडे बोट दाखवले. कंपन्यांना ते मान्य झाले नाही. वाद चालू राहिला, पण नव्या केंद्रांनी घट किती भरायचे ते सरकारने ठरवून दिले: इमारतीत ८० टक्के, उघड्यावर ९०.