आधी पाणी, मग पूरक : गवताच्या मुरघासाच्या अभ्यासाला प्रस्तावना

मुरघासाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच दिवशी पूरकांची यादी पडते : फॉर्मिक आम्ल, मळी, जिवाणू संवर्धके, विकरे. माझा आग्रह एवढाच, की ती यादी जरा बाजूला ठेवा आणि आधी गवतातले पाणी मोजा.

नुकत्याच कापलेल्या १०० किलो गवतात २० किलो शुष्क पदार्थ धरला, तर पाणी ८० किलो. तेच गवत ३३ टक्के शुष्क पदार्थापर्यंत आणायचे, तर जवळजवळ ४० किलो, म्हणजे निम्मे पाणी शेतातच उडून जावे लागते. ओल्या गवतात क्लॉस्ट्रिडियम गटातले जिवाणू फोफावतात. लॅक्टिक जिवाणूंनी साखरेपासून केलेल्या लॅक्टिक आम्लाचे ते ब्युटिरिक आम्ल करतात, प्रथिनांतून अमोनिया काढतात, आणि खड्डा उघडताच उग्र वास येतो. शुष्क पदार्थ २० टक्के असेल तर त्यांना रोखायला सामू ४.२ पर्यंत उतरावा लागतो. ३५ टक्क्यांवर त्यांना पाणीच पुरत नाही, त्यामुळे ४.६ सामूवरही मुरघास टिकतो.

पण सुकवणी म्हणजे केवळ हा टक्का नव्हे. कापलेले गवत लगेच मरत नाही. त्याच्या पेशी श्वास घेत राहतात आणि लॅक्टिक जिवाणूंना जी साखर हवी, तीच जाळतात. गवतातलीच विकरे प्रथिने तोडू लागतात. कोरड्या हवेत पातळ पसरलेले गवत दिवसाभरात ३० टक्क्यांवर येऊ शकते. ढगाळ हवेत जाड ओळीत पडलेल्या गवताला तिथवर यायला दोन-तीन दिवसही लागतात, आणि मध्येच सर आली तर उरलेली साखर धुऊन जाते. नोंदवहीत मात्र दोन्हींपुढे आकडा एकच. म्हणून ‘सुकवलेले गवत’ एवढेच लिहून थांबणारा शोधनिबंध मला अपुरा वाटतो. किती तास, किती जाड थर, किती वेळा उलटले, हे कळायलाच हवे. कारण उलटताना माती मिसळते आणि मातीबरोबर क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू येतात.

जिथे हवेचा भरवसा नाही, तिथे पूरकांचे महत्त्व वाढले. फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांनी हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्ल घालून चाऱ्याचा सामू ४ च्या आसपास आणण्याची रीत बसवली. त्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते मुख्यतः या कामासाठी. पुढे उत्तर युरोपात फॉर्मिक आम्ल रुळले. आम्ल थेट सामू उतरवते; जिवाणू संवर्धकाला ते काम साखरेवर करावे लागते. हळूहळू सुकून साखर गमावलेल्या गवतात चांगले संवर्धकही फारसे काही करू शकत नाही.

उलट बाजूही आहे. चांगल्या सुकवलेल्या मुरघासात साखर शिल्लक राहते, तो घट्ट दाबला जात नाही, आणि उघडल्यावर यीस्टमुळे तापतो. तिथे बुकनेराय जातीचे लॅक्टिक जिवाणू कामी येतात. त्यांनी केलेले ॲसेटिक आम्ल यीस्टला आवरते.

महाराष्ट्रात ओल्या गवताचा प्रश्न संकरित नेपियरच्या निमित्ताने भेटतो. साखर बेताची, खोड जाड, आणि भरघोस वाढ नेमकी पावसाळ्यात, जेव्हा ऊन देता येत नाही. मळी हाताशी असते. टनाला ३० किलो मळी म्हणजे साधारण १५ किलो साखर. मदत मोठी आहे. पण मळीने पाणी कमी होत नाही, आणि खड्ड्यातून रस गळू लागला की त्याबरोबर तीही वाहून जाते. म्हणून भरण्याआधी कुट्टी मुठीत घट्ट दाबून पाहावी. बोटांतून रस गळाला तर गवत अजून फार ओले आहे. गोळा न गळता तसाच राहिला तर शुष्क पदार्थ अंदाजे २५ ते ३० टक्के. हळूहळू सुटला तर ३० च्या पुढे.

ओव्हनचा आकडा याहून नेमका, पण तोही पारखून घ्यावा. तयार मुरघास वाळवताना काही आम्ले आणि अल्कोहोल उडून जातात, शुष्क पदार्थ कमी भरतो आणि नुकसान आहे त्याहून जास्त दिसते. या घटीची दुरुस्ती केली आहे का, ते निबंधाच्या कार्यपद्धतीत शोधा आणि मगच पूरकांच्या तक्त्याकडे वळा.