सामायिक आभासी डिस्क

सामायिक आभासी डिस्क म्हणजे संगणक जाळ्यावरून (नेटवर्कवरून) एकाहून अधिक संगणकांना उपलब्ध करून दिलेली आभासी यंत्राची (व्हर्च्युअल मशीनची) डिस्क होय. आभासी यंत्र हा प्रत्यक्ष संगणकाच्या आत सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उभा केलेला संगणक असल्यामुळे त्याची हार्ड डिस्क ही बहुधा एक मोठी फाइल असते. ही फाइल जाळ्यावरील साठवण-सर्व्हरवर ठेवल्यास जाळ्यातील कोणत्याही यजमान संगणकावर ते यंत्र सुरू करता येते. मात्र एकच डिस्क दोन यंत्रांनी एकाच वेळी लेखनासाठी उघडल्यास तिच्यावरील माहिती नष्ट होऊ शकते. म्हणून डिस्क किती यंत्रांना दिसते आणि तिच्यावर किती यंत्रे लिहितात, हे दोन प्रश्न स्वतंत्र मानावे लागतात.

स्वरूप

आभासी डिस्कची फाइल विशिष्ट स्वरूपात साठवली जाते. व्हीएमवेअरच्या प्रणालींत 'व्हीएमडीके', मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही प्रणालीत 'व्हीएचडी' व 'व्हीएचडीएक्स', तर क्यूईएमयू या मुक्त प्रणालीत 'क्यूकाऊ२' ही स्वरूपे प्रचलित आहेत. २०१२ साली आलेल्या व्हीएचडीएक्स स्वरूपात डिस्कचा कमाल आकार ६४ टेराबाइट असू शकतो. जुन्या व्हीएचडी स्वरूपात ही मर्यादा सुमारे २ टेराबाइट होती.

इतिहास

आयबीएमने १९७२ साली जाहीर केलेल्या व्हीएम/३७० या प्रणालीत प्रत्यक्ष डिस्कचे भाग पाडून आभासी यंत्रांना 'मिनिडिस्क' दिल्या जात. दुसऱ्याची मिनिडिस्क 'लिंक' या आज्ञेने जोडून घेता येई. ही जोडणी वाचनापुरती, एकट्याच्या लेखनासाठी की अनेकांच्या लेखनासाठी, हे आज्ञेतील संकेताक्षरांवरून ठरे. ही सामायिकता मेनफ्रेम संगणकाच्या आतील होती.

जाळ्यावरील सामायिकतेची साधने पुढील काळात विकसित झाली. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली 'एनएफएस' ही फाइल-सामायीकरणाची पद्धत आणली. २००४ साली 'आयस्कझी' हा प्रोटोकॉल प्रमाणित झाल्यावर साध्या इथरनेट जाळ्यावरून दूरची डिस्क स्थानिक डिस्कप्रमाणे वापरता येऊ लागली. दरम्यान २००३ साली व्हीएमवेअरने 'व्हीमोशन' ही सुविधा दिली. तिच्यामुळे चालू असलेले आभासी यंत्र न थांबवता एका यजमानावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागले. डिस्क दोन्ही यजमानांना आधीच दिसत असल्याने केवळ स्मृतीतील मजकूर व यंत्राची चालू स्थिती हलवणे पुरेसे होते.

पद्धती

सामायीकरणाच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

फाइल पातळीवरील पद्धतीत (एनएफएस, एसएमबी) फाइल प्रणाली सर्व्हरकडे असते. कोणती फाइल कोणी उघडली आहे, हे सर्व्हरला कळते आणि त्यावर कुलूप (लॉक) लावता येते.

ब्लॉक पातळीवरील पद्धतीत (आयस्कझी, एनबीडी) सर्व्हर केवळ क्रमांकित ब्लॉक पुरवतो. अमुक क्रमांकाचा ब्लॉक वाच किंवा लिही, एवढेच त्याला समजते. त्या ब्लॉकांचा अर्थ लावणारी फाइल प्रणाली वापरणाऱ्या यंत्राकडे असते.

पहिल्या पद्धतीतही सर्व्हरला आभासी डिस्कची फाइल अखंड दिसते. तिच्या पोटातील फाइली दिसत नाहीत. त्यामुळे आतील फाइलींचे रक्षण सर्व्हर करू शकत नाही.

एकाच वेळी लेखन केल्याचे परिणाम

ईएक्सटी४, एनटीएफएस यांसारख्या नेहमीच्या फाइल प्रणाली डिस्क केवळ आपलीच आहे असे गृहीत धरतात. कोणते ब्लॉक मोकळे आहेत याची नोंद त्या आपल्या स्मृतीत बाळगतात. समजा, दोन यंत्रांनी एकच डिस्क उघडली. पहिल्याने मोकळा ब्लॉक घेऊन त्यात एक फाइल लिहिली. दुसऱ्याच्या नोंदीत तो ब्लॉक अद्याप मोकळाच असल्याने तेही त्याच जागी आपली फाइल लिहिते, आणि पहिली फाइल पुसली जाते. जाळ्याने व सर्व्हरने आपले काम बिनचूक केलेले असते, त्यामुळे त्या क्षणी कोणतीही त्रुटी दिसत नाही. बिघाड पुष्कळदा नंतर, फाइल उघडताना किंवा यंत्र पुन्हा सुरू करताना उघडकीस येतो. तोवर घेतलेल्या बॅकअप प्रतींतही तो उतरलेला असू शकतो.

एका यंत्राने डिस्क केवळ वाचनासाठी जोडली, तरी धोका पूर्णपणे टळत नाही. दुसरे यंत्र लिहीत असल्यास वाचणाऱ्याच्या स्मृतीतील नोंदी शिळ्या होतात. शिवाय ईएक्सटी४ प्रणाली वाचनासाठी जोडतानाही अपुरी राहिलेली रोजनामचा-नोंद (जर्नल) पूर्ण करण्यासाठी डिस्कवर लिहू शकते. म्हणून लेखनबंदी डिस्क पुरवणाऱ्या बाजूनेच घालणे आवश्यक असते.

सुरक्षित वापर

कुलूप: व्हीएमवेअरच्या 'व्हीएमएफएस' प्रणालीत यजमान डिस्कवरच कुलपाची नोंद करतात आणि आपण कार्यरत असल्याची खूण ठरावीक काळाने ताजी करतात. क्यूईएमयूमध्ये २०१७ सालच्या २.१० आवृत्तीपासून डिस्क-फाइलला आपोआप कुलूप लागते.

समूह फाइल प्रणाली: अनेक यंत्रांनी एकाच डिस्कवर लिहिणे अनिवार्य असल्यास 'ओसीएफएस२' किंवा 'जीएफएस२' यांसारखी प्रणाली वापरतात. तिच्यात प्रत्येक यंत्र लिहिण्यापूर्वी इतरांशी समन्वय साधते.

संपर्क तुटलेल्या यंत्राला अलग करणे: जाळे खंडित झाल्यास दोन्ही बाजू स्वतःलाच डिस्कची धनी समजू शकतात. अशा वेळी एका बाजूचा वीजपुरवठा किंवा डिस्कशी असलेली जोडणी तोडून, ती खरोखर थांबल्याची खात्री झाल्यावरच दुसरीला लेखनाची मुभा दिली जाते.

सामायिक मूळ प्रतिमा: एक मूळ डिस्क सर्वांना केवळ वाचनासाठी देऊन प्रत्येक यंत्राचे बदल वेगळ्या भेद-डिस्कवर नोंदवता येतात. अनेक यंत्रांना सारखीच मूळ प्रणाली हवी असल्यास जागेची मोठी बचत होते. मात्र नंतर मूळ डिस्कमध्ये बदल केल्यास तिच्यावर आधारलेल्या सर्व भेद-डिस्क निरुपयोगी ठरू शकतात.

दोन आभासी यंत्रांना केवळ समान फाइली वापरायच्या असतील, तर डिस्क सामायिक करण्याची गरज नसते. डिस्क एकाच यंत्राकडे ठेवून त्याने तिच्यातील फाइली एनएफएस अथवा एसएमबीद्वारे दुसऱ्याला पुरवणे अधिक सोपे व सुरक्षित ठरते.

हे सुद्धा पहा

आभासी यंत्र
फाइल प्रणाली
संगणक जाळे